गाणी बिली जो शेव्हरची, आवाज दुसऱ्यांचे

अमेरिकन कंट्री गायक वेलन जेनिंग्जचा १९७३ चा 'हाँकी टाँक हीरोज' हा अल्बम मी पहिल्यांदा ऐकला, आवडला, आणि सहज म्हणून गाण्यांखाली गीतकाराचं नाव बघायला गेलो तर शेव्हर, शेव्हर, शेव्हर असं एकच नाव परत परत यायला लागलं. दहा गाणी, त्यातली नऊ या एका माणसाची (एकात वेलनचाही हात आहे). हा कोण म्हणून शोधत गेलो आणि मग बरेच महिने दुसरं काही ऐकलंच नाही. बिली जो शेव्हर. कंट्री म्युझिकचे, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या गाण्यांचे, कान असलेल्या माणसाला त्याचं नाव सांगितलं तर तो सावरून बसतो, आणि बाकी जगाला हे नाव माहीतच नाही. असं का होतं, म्हणजे एवढा मोठा लिहिणारा असून माणूस एवढा मागे कसा राहतो, ते नीट समजून घ्यायचं तर त्याची गोष्ट आणि तिथला पैशाचा हिशोब दोन्ही सांगावं लागेल, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

आधी एक साधी गोष्ट. आपल्याकडे बहुतेक गाणी सिनेमासाठी मागवून घेतात, सिच्युएशन ठरते, चाल येते, शब्द येतात, मग गायक येतो. अमेरिकेत टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल शहर म्हणजे कंट्री म्युझिकची बाजारपेठ, आणि तिथे उलटं चालतं. तिथे गाणं आधी तयार होतं, शब्द आणि चाल दोन्ही बहुतेक वेळा एकच माणूस किंवा दोघं-तिघं मिळून करतात, आणि मग ते गाणं गायक शोधत दारोदार फिरतं. गाणं लिहिणाऱ्याला पब्लिशर नोकरीवर ठेवतो, पब्लिशरची माणसं ते गाणं घेऊन प्रोड्यूसरकडे, गायकाकडे जातात, कुणीतरी ते रेकॉर्ड केलं की सगळ्यांचं पोट भरतं. त्यामुळे तिथे नुसतं लिहिणारे, कधीच स्टेजवर न येणारे शेकडो लोक आहेत. शेव्हर त्यातला नव्हता, त्याला गायचंही होतं, आणि तो शेवटपर्यंत गात राहिला. पण त्याचं घर चाललं ते मुख्यतः दुसऱ्यांनी त्याची गाणी म्हटली म्हणून.

जन्म १६ ऑगस्ट १९३९, टेक्सासमधलं कॉर्सिकाना. तो पोटात असतानाच बापाने आईला मरेस्तोवर मारलं, जनावरांच्या पाण्याच्या तळ्यात मेली समजून टाकून दिलं आणि निघून गेला. आई वाचली. पण पोर झाल्यावर ते आजीच्या हवाली करून ती वेकोला कामाला गेली, तिथल्या ग्रीन गेबल्स नावाच्या हाँकी टाँकमध्ये. हाँकी टाँक म्हणजे रस्त्याकडेचा बिअर बार समजा, जिथे संध्याकाळी बँड वाजतो, कामकरी माणसं नाचतात, पितात, भांडतात. हे पोर कधीमधी आईकडे जायचं ते त्या बारमध्येच. पुढे ज्या गाण्यावरून अख्ख्या अल्बमला नाव पडलं ते गाणं याच जागेतून आलंय. बाकी वेळ आजी, आजीची म्हातारपणाची तुटपुंजी पेन्शन, आणि शेतात कापूस वेचणारी माणसं ज्यांची गाणी ऐकत हा वाढला. लहानपणची एक आठवण तो खूप वेळा सांगायचा की गावात कार्यक्रम आहे कळल्यावर हा रेल्वेच्या रुळांवरून मैलोगणती चालत गेला, आणि तिथे त्या दिवशी स्टेजवर एक फारसं कुणाला माहीत नसलेला तरुण आला, त्याचं नाव हँक विल्यम्स. गर्दीतून काही दिसेना म्हणून हे पोर खांबावर चढलं. त्या आठवणीवरून त्याने म्हातारपणाकडे झुकल्यावर गाणं केलं, 'ट्रॅम्प ऑन युअर स्ट्रीट'.

बारा वर्षांचा असताना आजी गेली. मग आईकडे वेकोला, आठवीनंतर शाळा सुटली, सतराव्या वाढदिवसाला नेव्हीत भरती. परत आल्यावर मिळेल ते काम, आणि त्यात लाकूड कापायच्या एका सॉ मिलमध्ये उजव्या हाताची बोटं मशीनमध्ये सापडली, दोन बोटांचे तुकडे गेले. गिटार वाजवणाऱ्याचा उजवा हात म्हणजे तारा छेडायचा हात, तोच गेला. त्याने उरलेल्या बोटांनी परत शिकून घेतलं. त्याचे जुने व्हिडिओ बघितले तर तो हात नीट बघा, थोटक्या बोटांनी तो सरळ खाली-वर एवढंच वाजवतो, कसलीही नक्षी नाही, आणि गाणी पण तशीच आहेत, जेवढं लागतं तेवढंच. लहान लहान शब्द, शेतातल्या माणसाच्या तोंडचे, एकही शब्द दाखवण्यासाठी आणलेला नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर त्या पिढीत एवढं कमी बोलून एवढं सांगणारा दुसरा नव्हता.

१९६० च्या दशकाच्या शेवटाकडे तो नशीब काढायला निघाला, तेही लॉस एंजलिसला. हायवेवर अंगठा दाखवत उभा राहिला, पश्चिमेकडे जाणारी एक गाडी थांबेना. शेवटी कंटाळून रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या बाजूला उभा राहिला, तर खरबुजांनी भरलेल्या एका ट्रकने उचललं आणि थेट मेम्फिसला सोडलं. तिथून नॅशव्हिल. एवढ्यावर एका माणसाचं आयुष्य ठरलं. नॅशव्हिलमध्ये बॉबी बेअर या गायकाने त्याची गाणी ऐकली आणि आपल्या पब्लिशिंग कंपनीत ठेवून घेतलं, आठवड्याला ५० डॉलर.

आता हे ५० डॉलर नीट समजून घेऊ, कारण इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. लोकांना वाटतं हा पगार. पगार नाही, ही उचल. ऊसतोडीला जाताना मुकादमाकडून घेतात तसली उचल, म्हणजे आज हातात पैसे येतात पण ते तुमच्या पुढच्या कमाईतून कापले जाणार. नॅशव्हिलमधल्या लिहिणाऱ्यांचा व्यवहार आजही बराचसा असाच चालतो. ही कमाई कशी व्हायची तर मुख्य दोन वाटांनी. पहिली, रेकॉर्ड विकली गेली की प्रत्येक प्रतीमागे प्रत्येक गाण्याला ठराविक पैसे. हा दर तिथल्या कायद्याने १९०९ साली २ सेंट ठरवला आणि १९७७ संपेपर्यंत, म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षं, तो तेवढाच राहिला. पावाची किंमत वाढली, घरभाडं वाढलं, गाण्याचे दोन सेंट तसेच. त्यातही नेहमीची वाटणी म्हणजे अर्धे पब्लिशरचे, अर्धे लिहिणाऱ्याचे. म्हणजे हातात आला १ सेंट. आठवड्याला ५० म्हणजे वर्षाला २,६०० डॉलरची उचल, ती फेडायला याच हिशोबाने २ लाख ६० हजार प्रती विकल्या जायला हव्यात, आणि त्याही कुणीतरी मोठ्या गायकाने तुमचं गाणं घेतलं तर. नाही घेतलं तर उचल डोक्यावर तशीच.

दुसरी वाट रेडिओची. रेडिओवर गाणं वाजलं, हॉलमध्ये बँडने वाजवलं, टीव्हीवर आलं की बीएमआय, ॲस्कॅप अशा संस्था त्यांच्याकडून पैसे गोळा करतात आणि लिहिणाऱ्याला अन पब्लिशरला वाटतात. आणि इथे एक गोष्ट आहे जी ऐकून मला पहिल्यांदा खरं वाटेना. अमेरिकेत साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं तर गाणाऱ्याला एक पैसा मिळत नाही, आजही नाही. पैसे फक्त ज्याने लिहिलं त्याला आणि त्याच्या पब्लिशरला. सॅटेलाइट आणि इंटरनेट रेडिओचे नियम वेगळे, पण साध्या रेडिओचं हेच. गाणाऱ्याला मिळते प्रसिद्धी, त्यावर तो तिकिटं विकतो, आणि लिहिणाऱ्याला कुणी ओळखत नाही पण दर वेळी थोडे थोडे पैसे येत राहतात. म्हणजे नाव एकीकडे आणि हक्क दुसरीकडे. शेव्हरचं करिअर समजायला ही एवढी एक गोष्ट डोक्यात ठेवली तरी पुरे.

बरं, गाणी तयार आहेत, पण घेणार कोण? त्या काळात नॅशव्हिलमध्ये प्रोड्यूसरचं राज्य होतं. चेट ॲटकिन्ससारखे मोठे प्रोड्यूसर ठरवणार कुठलं गाणं, कुठले वादक, मागे व्हायोलिनचा ताफा, कोरस, सगळं गुळगुळीत, जेणेकरून शहरातला पॉप ऐकणारा माणूसही घेईल. गायकाने यायचं, दोन-तीन तासांच्या सेशनमध्ये गायचं आणि जायचं. त्याचा रोजचा स्वतःचा बँड स्टुडिओत चालायचा नाही. वेलन जेनिंग्जला हे सहन होत नव्हतं, आणि १९७२ मध्ये त्याने आरसीए कंपनीशी भांडून नवा करार केला, गाणी मी निवडणार, माणसं मी निवडणार. पुढे ज्याला 'आउटलॉ', म्हणजे कायदा मोडून फरार झालेला, कंट्री म्हणायला लागले ते मुळात एवढंच होतं. नाव ऐकून बंदूक, दरोडे डोळ्यासमोर येतात, पण भांडण करारातल्या कलमांचं होतं. हक्क मिळाल्यावर मात्र वेलनला लगेच प्रश्न पडला असणार की आता म्हणायचं काय, कारण गुळगुळीत गाणी त्याला नको होती आणि बाजारात सगळी तीच होती.

मार्च १९७२ मध्ये टेक्सासात ऑस्टिनजवळ ड्रिपिंग स्प्रिंग्जला तीन दिवसांचा मोठा जलसा झाला. तिथे एका ट्रेलरमध्ये लोक आळीपाळीने गिटार घेऊन गात बसले होते, शेव्हरने आपलं 'विली द वाँडरिंग जिप्सी अँड मी' म्हटलं आणि वेलन म्हणाला अशी अजून गाणी असतील तर मी पूर्ण अल्बम करतो. शेव्हरने ते खरं धरलं. नॅशव्हिलला आल्यावर मात्र वेलन काही भेटेना, फोन घेईना. एक महिना, दोन महिने, सहा महिने. ५० डॉलरवर जगणारा माणूस, घरी बायको-मुलगा, आणि ज्याने शब्द दिला तो तोंड दाखवत नाही.

शेवटी एका रात्री तो स्टुडिओवरच जाऊन उभा राहिला. आत रेकॉर्डिंग चालू, बाहेर वेलनची मंडळी, मोटरसायकलवाले धिप्पाड गडी. वेलनने आतून एका माणसाबरोबर १०० डॉलरची नोट पाठवली, घे आणि जा. याने घेतली नाही. विचार करा, दोन आठवड्यांची उचल समोर धरलीय आणि हा नको म्हणतोय. मग वेलन बाहेर आला आणि शेव्हरने सगळ्यांच्या देखत त्याला सुनावलं की माझी गाणी ऐक, नाहीतर इथेच सगळ्यांसमोर तुला तुडवतो. ते गडी पुढे सरसावले, वेलनने हाताने थांबवलं आणि याला बाजूच्या खोलीत नेलं. अट घातली, एक गाणं म्हण, आवडलं तर दुसरं, नाही आवडलं तर निघायचं आणि परत कधी तोंड दाखवायचं नाही. शेव्हरने पहिलं म्हटलं, मग दुसरं, 'ओल्ड फाइव्ह अँड डायमर्स लाइक मी', आणि मग 'हाँकी टाँक हीरोज', आईच्या बारवालं. तिथे वेलन विरघळला. ही हकीकत दोघांनीही पुढे आयुष्यभर सांगितली, तपशील थोडे इकडेतिकडे होतात पण गाभा हाच. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती नोट न घेणं.

अल्बम १९७३ मध्ये आला. कोरस नाही, व्हायोलिनचा पूर नाही, वेलनचा आवाज आणि त्याचा बँड, आणि एकाच माणसाच्या आयुष्यातून आलेली नऊ गाणी, त्यामुळे सगळा अल्बम एका दमात सांगितलेल्या गोष्टीसारखा वाटतो. एका बाहेरच्या, नाव नसलेल्या माणसाची एवढी गाणी एका स्टारने एका अल्बममध्ये घेणं तेव्हा होतच नव्हतं. त्याच डिसेंबरमध्ये एल्विस प्रेस्लीने मेम्फिसमध्ये यातलं 'यू आस्क्ड मी टू' रेकॉर्ड केलं. आणि १९७६ मध्ये 'वाँटेड! द आउटलॉज' नावाचा संग्रह आला, कंट्रीमधला पहिला अधिकृत प्लॅटिनम अल्बम, म्हणजे १० लाख प्रती. कव्हरवर चार गायकांचे चेहरे, वेलन जेनिंग्ज, विली नेल्सन, जेसी कोल्टर, टॉमपॉल ग्लेझर. शेव्हरचा चेहरा नाही, पण 'हाँकी टाँक हीरोज' गाणं आत आहे. वर सांगितलेल्या नेहमीच्या वाटणीने कागदावर हिशोब मांडला तर १० लाख प्रती गुणिले १ सेंट म्हणजे १० हजार डॉलर. त्या काळात चांगलीच रक्कम, उचल फेडून उरेल अशी. पण पोस्टर ज्यांचं लागलं ते चौघं कायमचे आउटलॉ झाले आणि ज्याच्या वह्यांमधून ती भाषा आली तो टेक्सासच्या बारमध्ये गात राहिला.

त्याचा स्वतःचा पहिला अल्बमही १९७३ मध्येच आला, क्रिस क्रिस्टोफरसन या गायक-गीतकाराने प्रोड्यूस केलेला, 'ओल्ड फाइव्ह अँड डायमर्स लाइक मी'. नवीन माणसाने इथूनच सुरू करावं, वेलनच्या आधी. आवाज खरखरीत आहे, सुरात मोठा नाही, पण त्याच्याच तोंडून ऐकलं की कळतं ही गाणी कुठून आली. विकला फारसा गेला नाही. रेडिओला गुळगुळीत गळा हवा होता. पुढचे दोन अल्बम कॅप्रिकॉर्न कंपनीकडे केले तर दशक संपता संपता ती कंपनीच बुडाली. कंपनी बुडाली की अल्बम दुकानातून गायब होतो, नवीन माणसाला मिळतच नाही, आणि गायक परत पहिल्या पायरीवर. गाण्याच्या हक्काचं तसं नसतं, ते पब्लिशरकडे वेगळे असतात, दुसऱ्याने म्हटलं की परत जिवंत होतात. म्हणून गायक शेव्हर पुन्हा पुन्हा पडला आणि गीतकार शेव्हर तरत राहिला.

हे सगळं कंपन्यांच्या माथी मारता येत नाही. दारू होती, ड्रग्ज होते, बायको ब्रेंडाशी तीनदा लग्न आणि मध्ये घटस्फोट. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात तो पार खचला, एका रात्री नॅशव्हिलबाहेरच्या एका कड्यावर जाऊन बसला, जीव द्यायचा विचार करून. उतरून खाली येता येता ओठांवर एक गाणं अर्धं तयार झालं होतं, 'आय अ‍ॅम जस्ट अ‍ॅन ओल्ड चंक ऑफ कोल'. मी कोळशाचा जुना तुकडा आहे पण एक दिवस हिरा होईन, एवढंच म्हणणं. नंतर बायको-मुलाला घेऊन नॅशव्हिल सोडलं, ह्यूस्टनला गेला आणि सगळी व्यसनं एकदम तोडली. १९८१ मध्ये जॉन अँडरसनने हे गाणं म्हटलं आणि ते कंट्री चार्टवर चौथ्या नंबरपर्यंत गेलं. पुन्हा तेच. गाणं याच्या मरणाच्या दारातलं, हिट दुसऱ्याचं. आणि तरी, खरं सांगतो, यात अन्याय झाला असं मला पूर्ण वाटत नाही, कारण अँडरसनने ते म्हटलं नसतं तर लाखो लोकांपर्यंत ते गेलंच नसतं आणि शेव्हरच्या घरात पैसेही आले नसते.

मग एडी. मुलगा, जन्म १९६२, विलक्षण गिटारिस्ट. पोरगा असताना ऑलमन ब्रदर्स या रॉक बँडच्या डिकी बेट्सने त्याला गिटार दिली. बापाच्या साध्या सरळ गाण्यांमध्ये याची विजेसारखी गिटार, हे दोघांनी मिळून 'शेव्हर' नावानेच बँड केला आणि १९९३ चा 'ट्रॅम्प ऑन युअर स्ट्रीट' अल्बम आला. तोपर्यंत शेव्हर पन्नाशी ओलांडून गेलेला, आणि आता कुठे तरुण रॉक ऐकणारी पोरं त्याला ऐकायला यायला लागली. 'लिव्ह फॉरेव्हर' हे गाणं बाप-लेकाने मिळून लिहिलेलं, याच अल्बममध्ये आहे. त्यात गिटार आणि आवाज एकमेकांना कशी जागा देतात ते हेडफोन लावून शांतपणे ऐका.

१९९९ मध्ये आई गेली आणि ब्रेंडा गेली, दोघीही कॅन्सरने, एकाच वर्षात. आणि ३१ डिसेंबर २००० ला एडी गेला, हेरॉइनच्या ओव्हरडोसने, ३८ वर्षांचा. त्याच रात्री ऑस्टिनजवळ दोघांचा कार्यक्रम ठरलेला होता. विली नेल्सनने फोन केला, म्हणाला घरी बसू नकोस, मी बँड जमवतो, तू ये. आणि शेव्हर गेला, गायला. पुढच्या उन्हाळ्यात टेक्सासच्या जुन्या ग्रीन हॉलमध्ये गाताना स्टेजवरच हार्ट अटॅक आला, तरी कार्यक्रम पूर्ण केला, मग बायपास झाली. बायपासनंतरही तो वीसेक वर्षं व्हॅनमधून गावोगाव फिरत गात राहिला. २००४ मध्ये नॅशव्हिलच्या गीतकारांच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं, २०१४ मध्ये पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर 'लाँग इन द टूथ' हा दमदार अल्बम आला. मध्ये २००७ ची घटना आहे, एका बारबाहेर याने एका माणसावर गोळी झाडली, तो माणूस वाचला आणि २०१० मध्ये ज्युरीने स्वसंरक्षण म्हणून याला निर्दोष सोडलं. लोक त्याच्याबद्दल सांगताना हीच गोष्ट आधी सांगतात, मला त्याचं वाईट वाटतं, कारण ऐकण्यासारखं एवढं पडलंय. २८ ऑक्टोबर २०२० ला वेकोला तो गेला, ८१ वर्षांचा.

त्याचे शेवटच्या वर्षांमधले कार्यक्रम मिळतील तेवढे बघा. डेनिमचा शर्ट, हॅट, हातवारे करत, नाचत गाणारा म्हातारा. कार्यक्रमात एका ठिकाणी बँड थांबतो. शेव्हर टोपी काढतो, वाद्य एकही नाही, आणि 'स्टार इन माय हार्ट' म्हणतो, मुलासाठी लिहिलेलं. दोन-अडीच मिनिटं नुसता तो खरखरीत आवाज. बारमध्ये ग्लासांचा आवाजसुद्धा येत नाही. ते संपलं की टोपी परत डोक्यावर, बँडकडे मान हलवतो, आणि पुढचं गाणं सुरू.